जठराच्या शस्त्रक्रियेनंतरची लसीकागळती : नळी, नोंद आणि आहार



स्मृतिव्याख्यानाचा विषय व्यापक असावा, त्यात राष्ट्र, समाज, साहित्य किंवा धर्म यांपैकी कशाचा तरी ऊहापोह व्हावा, असा आपल्याकडे एक रूढ संकेत आहे. आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातल्यापासून या संकेताने मराठी श्रोत्याला पुष्कळ दिले, हेही खरे. आज मी आपणांपुढे मांडणार आहे तो विषय मात्र अत्यंत मर्यादित आहे. जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या पोटात ठेवलेल्या नळीतून दुधासारखा पांढरा द्रव वाहू लागतो. त्या द्रवाचे स्वरूप काय, तो का वाहतो, आणि तो थांबावा म्हणून रुग्णालयाने काय करावे व घराने काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपण जमलो आहोत त्या काळेवाडीत हा विषय काढण्यास सबळ कारण आहे. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिन तयार करणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, मागोमाग वाहनांचे आणि यंत्रांचे कारखाने आले, आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ अशा दूरदूरच्या मुलखांतून उपजीविकेसाठी निघालेली कुटुंबे पवनेच्या या तीरावर वस्तीला राहिली. अशा कुटुंबातल्या कर्त्या माणसाला जठराचा कर्करोग झाला म्हणजे त्याची शस्त्रक्रिया पिंपरी-चिंचवडमध्ये, पुण्यास किंवा परळला, जेथे तजवीज लागेल तेथे होते. परंतु शस्त्रक्रियेनंतरचे कठीण आठवडे याच वस्तीतल्या दोन खोल्यांत काढावयाचे असतात, आणि कित्येकदा पोटातली नळी तशीच ठेवून माणूस घरी आलेला असतो. शिवाय हा रोग महाराष्ट्रात मिझोरामइतका किंवा चेन्नईइतका आढळत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा अनुभव आता दुर्दैवाने प्रत्येक गल्लीत कोणाच्या तरी घरी असतो, त्यामुळे शेजारीपाजारी चार शब्द समजुतीचे सांगू शकतात. जठराच्या बाबतीत विचारावे असे शेजारी कोणी नसते, आणि नळीत पांढरे दिसले की ते कुटुंब एकटेच घाबरते. ज्या गोष्टीचे ज्ञान शेजाराकडून मिळण्याचा संभव नाही ती गोष्ट सभेत उघडपणे सांगितली गेली पाहिजे, या समजुतीने मी हे धाडस करीत आहे.

प्रथम या द्रवाविषयी. रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून फिरत असता त्यातील काही पाणी व प्रथिने बाहेर पेशींच्या भोवती पाझरतात. हा पाझर, म्हणजेच लसीका, गोळा करून पुन्हा रक्तात पोचविण्याचे काम ज्या नाजूक, भिंतीने पातळ आणि बहुधा वर्णहीन अशा वाहिन्यांकडे असते त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात, आणि त्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी ज्या गाठी असतात त्यांत रोगजंतूंशी व परक्या पेशींशी सामना चालतो. सर्व शरीराची बहुतेक लसीका पोटातून व छातीतून वर जाणाऱ्या एका मुख्य वाहिनीत मिळते आणि मानेच्या डाव्या बाजूस मोठ्या नीलेत रिकामी होते. दिवसाकाठी दोन ते चार लिटर द्रव या एकाच मार्गाने रक्तात परत येतो. या मुख्य वाहिनीच्या मुळाशी, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांसमोर, महारोहिणीच्या उजव्या अंगास, पुष्कळ माणसांत एक लहानसे कुंड असते, आणि आतड्यांकडून येणारी लसीका तेथे जमते. आतड्यांच्या लसीकेवर एक जादा भार आहे. आपण खाल्लेले तूप, तेल, लोणी यांतील लांब साखळीची मेदाम्ले थेट रक्तात शिरत नाहीत. आतड्याच्या पेशी त्यांचे सूक्ष्म कण बनवून ते लसीकेच्या स्वाधीन करतात. म्हणून जेवणानंतर ही लसीका दुधाळ होते, आणि उपाशी माणसात तीच पाण्यासारखी स्वच्छ असते.

हा भेद प्रथम कोणाला कळला, ती हकीकत आपल्या प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी निगडित असल्यामुळे थोडी विस्ताराने सांगतो. २३ जुलै १६२२ रोजी इटलीत मिलान येथे गास्पारे आसेल्ली नावाचे शरीरशास्त्रज्ञ काही मित्रांच्या आग्रहावरून एका जिवंत कुत्र्याचे विच्छेदन करीत होते. त्यांना दाखवावयाचे होते स्वरयंत्राकडे जाणारे मज्जातंतू, परंतु पोट उघडताच आतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या तंतूंचे जाळे पसरलेले दिसले. ते मज्जातंतूच असावेत असे त्यांना आरंभी वाटले. त्यांनी त्यातील एकाला छेद दिला, आणि दुधासारखा द्रव बाहेर आला. दुसऱ्या कुत्र्यात पाहावयास गेले तो काहीच दिसेना. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की पहिला प्राणी भरपेट खाल्लेला होता आणि दुसरा उपाशी. खाऊ घातलेल्या प्राण्यात शोध करताच ते जाळे पुन्हा प्रकट झाले. आसेल्ली १६२५ साली वारले, आणि त्यांचा ग्रंथ मरणोत्तर १६२७ साली छापला गेला. पुढे १६५१ साली झाँ पेके यांनी ते कुंड आणि मुख्य वाहिनी यांचे वर्णन केले, आणि लगोलग बार्टोलिन व रुडबेक यांनी सर्वांगातील लसीकावाहिन्यांचा माग काढला. सांगावयाचे एवढेच की, लसीकावाहिनी उपाशी शरीरात जवळजवळ अदृश्य असते. आणि शस्त्रक्रियेच्या मेजावर येणारा रुग्ण नेमका उपाशी असतो.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी कर्करोगग्रस्त जठराचा भाग प्रथम यशस्वीपणे काढला. रुग्ण स्त्री शस्त्रक्रियेतून सुखरूप उठली, परंतु रोग उलटून काही महिन्यांतच दगावली. जठराचा विकृत भाग काढणे पुरेसे नाही, रोग ज्या गाठींच्या वाटेने पसरतो त्या गाठीही त्याबरोबर निघाल्या पाहिजेत, हा धडा त्यानंतरच्या शतकात सावकाश शिकावा लागला. जपानी शल्यवैद्यांनी या गाठींना क्रमांक दिले: जठराच्या कडेला चिकटलेल्या पहिल्या सहा, आणि जठराला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या मुळाशी, म्हणजे यकृताकडे, प्लीहेकडे आणि महारोहिणीतून निघणाऱ्या मूळ खोडाभोवती असलेल्या सातव्या क्रमांकापासून पुढच्या. पहिली रांग काढली तर ‘डी-एक’ आणि दुसरीही काढली तर ‘डी-दोन’ शस्त्रक्रिया, असा व्यवहार आज जगभर रूढ आहे. युरोपात यावर दीर्घ वाद झाला. हॉलंडमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली तेव्हा १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत विस्तृत शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचे प्रमाण शेकडा दहा आणि मर्यादित शस्त्रक्रियेनंतर शेकडा चार निघाले, आणि विस्तृत पद्धती धोक्याची ठरली. पण त्याच रुग्णांचा पंधरा वर्षे पाठपुरावा करून २०१० साली जो अहवाल आला त्यात जठराच्या कर्करोगाने झालेले मृत्यू विस्तृत गटात शेकडा सदतीस आणि मर्यादित गटात शेकडा अठ्ठेचाळीस आढळले. अनुभवी हातांत आरंभीचा धोका कमी करता येतो, आणि मग दीर्घकाळाचा लाभ पदरात पडतो, हे त्यातून दिसले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. शैलेश श्रीखंडे व त्यांचे सहकारी यांनी या विस्तृत शस्त्रक्रियेचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध करून, ती भारतीय रुग्णालयातही आंतरराष्ट्रीय तोलाने पार पडते असे दाखवून दिले आहे.

गळतीचा उगम येथेच आहे. दुसऱ्या रांगेतील गाठी काढावयाच्या म्हणजे महारोहिणीच्या अगदी निकट, त्या कुंडाच्या शेजारी, स्वादुपिंडाच्या वरच्या काठावरून रोहिण्या स्वच्छ करावयाच्या. आणि गाठ निघाली की तिच्यात येणाऱ्या व तिच्यातून जाणाऱ्या वाहिन्यांची तोंडे मागे राहणारच. रक्तवाहिनी तुटली तर रक्त दिसते आणि बहुधा गोठते. लसीकावाहिनी तुटली तर उपाशी रुग्णात पाण्याचा एखादा थेंब चकाकतो न चकाकतो, आणि लसीकेत रक्तबिंबिका नसल्यामुळे ती रक्तासारखी आपले छिद्र आपणच बुजवीत नाही. म्हणून चांगला शल्यवैद्य या प्रदेशात नुसत्या विजेच्या चटक्यावर भरवसा ठेवीत नाही. न दिसणारी वाहिनी आहेच असे गृहीत धरून तो प्रत्येक तंतू बांधतो, धातूच्या चिमट्याने दाबतो, किंवा वाहिनीचे तोंड सांधणारे आधुनिक उपकरण वापरतो. इतकी खबरदारी घेऊनही काही रुग्णांत गळती होते. ती अर्थातच हलगर्जीची खूण मानू नये. पुष्कळदा रोग मुळापासून काढण्याच्या आस्थेपोटीच ती होते, आणि ज्यांत अधिक गाठी काढल्या जातात त्यांत तिचा संभव अधिक, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तथापि हे कारण पुढे करून रुग्णाच्या नातेवाइकांना उडवून लावण्याचा अधिकार कोणाही वैद्याला नाही. गळतीची शक्यता शस्त्रक्रियेच्या आधी, संमतिपत्रावर सही घेतानाच, स्वच्छ मराठीत सांगितली गेली पाहिजे.

गळतीचा ठराविक क्रम असा. पहिले दोन-तीन दिवस नळीतून तांबूस, मग पिवळसर पाणी येते. प्रमाण जरा जास्त असले तरी कोणाला शंका येत नाही. मग तोंडाने किंवा आतड्यात बसविलेल्या पोषणनळीने आहार सुरू होतो, आणि एके दिवशी नळीतले पाणी गढूळ होऊन पांढरे होते. आसेल्लींना कुत्र्यात जे दिसले तेच येथे दिसत असते. नातेवाइकांच्या मनात या वेळी तीन भये एकदम उभी राहतात: हा पू आहे, पोटात घातलेला आहारच फुटून बाहेर येतो आहे, किंवा कर्करोग परतला आहे. यांतील तिसरे भय निराधार आहे आणि पहिली दोन तपासून दूर करावयाची असतात. नळीतील द्रवाचा नमुना प्रयोगशाळेत धाडून ट्रायग्लिसराइड नावाच्या मेदाचे प्रमाण पाहतात. शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी किंवा नंतर द्रव दुधाळ असेल आणि त्याच्या एका डेसिलिटरमध्ये हे प्रमाण ११० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरले तर तो लसीकेचा स्राव समजावा, अशी व्याख्या स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेसंबंधी विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०१७ साली निश्चित केली, आणि जठराच्या बाबतीतही तिचाच आधार घेतला जातो. त्याच नमुन्यात अमायलेज हे पाचकद्रव्य पाहून स्वादुपिंडाची गळती नाही, आणि जंतूंची तपासणी करून पू नाही, याचीही खातरजमा करून घ्यावयाची. ही तपासणी साधी व अल्प खर्चाची आहे. ती करण्याआधी कोणी तर्क लढवू नये.

या स्रावातून शरीराचे जे नुकसान होते ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा जमाखर्च मांडला पाहिजे. एक लिटर दुधाळ लसीकेबरोबर सुमारे दोनशे उष्मांक आणि वीस-तीस ग्रॅम प्रथिने निघून जातात. त्यांच्या जोडीला सोडियम, अ, ड, ई आणि के ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे, आणि लढाऊ पांढऱ्या पेशी जातात. जठर गेल्यामुळे आधीच जेमतेम खाणाऱ्या माणसाला हा रोजचा तोटा झेपत नाही. अंगावरचे मांस झडते, पायांवर सूज चढते, जंतुसंसर्ग सहज जडतो, आणि सहा-आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावयाची केमोथेरपी लांबणीवर पडते. एवढे मोठे नुकसान होत असूनही बहुसंख्य रुग्णांत ही गळती दुसऱ्या शस्त्रक्रियेवाचून थांबते. तिला थांबविणारे उपाय कसून पाळले मात्र पाहिजेत, आणि त्यांतील निम्मे स्वयंपाकघरात व्हावयाचे असतात.

आपल्यापैकी जे गावाकडून आले आहेत त्यांनी फुटलेला पाट पाहिला असेल: आधी वरून येणारे पाणी कमी करावे लागते, तेव्हा कोठे फुटलेल्या जागी माती धरते. लसीकेच्या बाबतीत वरचे पाणी म्हणजे मेद. मेदयुक्त भोजनानंतर मुख्य वाहिनीतला प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. मेद थांबविला की प्रवाह ओसरतो आणि तुटलेली तोंडे आक्रसून मिटण्यास अवधी मिळतो. या ठिकाणी आपल्या मराठी घराची सारी माया आडवी येते. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून आपण काय देतो? मऊ भातावर तुपाची धार, सायीचे दूध, शिरा, डिंकाचे लाडू, खारीक-बदाम, भाजणीच्या थालीपिठावर लोण्याचा गोळा. ज्या आईने वा पत्नीने हे सगळे जिवापाड जपून केले तिला ‘हे बंद करा’ एवढेच सांगून भागत नाही. ती ऐकून घेते, आणि संध्याकाळी चोरून एक चमचा तूप घालतेच, कारण तूप बंद करणे म्हणजे आजाऱ्याला उपाशी मारणे असे तिच्या मनाने घेतलेले असते. तिला कारण सांगितले पाहिजे, आणि तुपाच्या जागी काय द्यावयाचे तेही सांगितले पाहिजे.

काय टाळावयाचे ते बहुतेकांना अर्धवट ठाऊक असते: तेल, तूप, लोणी, साय. फसगत होते ती न दिसणाऱ्या मेदात. म्हशीच्या दुधात शेकडा सहा-सात मेद असतो. शेंगदाण्यांत आणि तिळांत जवळजवळ निम्मा. सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. म्हणजे भाजीत घातलेले शेंगदाण्याचे कूट, वाटणातले खोबरे, चटणीतले तीळ हे सगळे या काळात वर्ज्य. द्यावयाचे काय? भाताची पेज, फोडणीशिवाय जिरे-हिंग-मीठ घालून शिजविलेले मुगाचे वरण, ज्वारीची मऊ भाकरी वरणात कुस्करून, उकडलेला बटाटा, मेद पूर्ण काढलेल्या दुधाचे दही आणि ताक, अंड्याचा केवळ पांढरा भाग, आणि सामिष घरांत कातडी काढून पाण्यात शिजविलेले कोंबडीच्या छातीचे मांस. प्रथिनांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती नळीवाटे सतत जात असतात. मेद गेला म्हणून पोकळी गूळ-साखरेने भरून काढावी असे वाटणे साहजिक आहे, परंतु जठर काढलेल्या माणसात गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो आणि घाम, धडधड, घेरी, जुलाब यांनी त्याला बेजार करतो. तेव्हा एका बाजूने मेदाची मनाई आणि दुसऱ्या बाजूने साखरेची, अशा अरुंद वाटेवरून हा आहार न्यावा लागतो. ती वाट दिवसातून सहा-आठ वेळा, वाटीभर खाण्याने, सावकाश चावून चालता येते. आहारतज्ज्ञाचा सल्ला या आजारात अत्यावश्यक आहे, आणि तो ज्या रुग्णालयात मिळत नाही तेथे तो मागून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेदाला एक अपवाद आहे. मध्यम साखळीची मेदाम्ले लसीकेच्या वाटेने न जाता सरळ यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेत शिरतात. म्हणून त्यांपासून बनविलेले, औषधाच्या दुकानात ‘एमसीटी’ या नावाने मिळणारे तेल रुग्णाला देता येते, आणि त्याच्या एका ग्रॅमपासून आठाहून थोडे जास्त उष्मांक मिळतात. ते थोडे थोडे वाढवावे, एकदम दिल्यास पोट बिघडते. शिजलेल्या पेजेत वा वरणात कालवावे, फोडणीसाठी तापवू नये. हे तेल नारळापासूनही काढतात, असे कोठे तरी वाचून काही कुटुंबे घरचे खोबरेल देऊ लागतात. ते करू नये. खोबरेलाचा निम्मा हिस्सा बारा कार्बनांच्या लॉरिक आम्लाचा असतो आणि त्यातला मोठा भाग लसीकेच्याच वाटेने जातो. एमसीटी तेलात आठ व दहा कार्बनांची आम्ले निवडून वेगळी काढलेली असतात. तसेच केवळ या तेलावर कित्येक आठवडे काढल्यास शरीराला अत्यावश्यक अशी मेदाम्ले मिळत नाहीत. म्हणून लांबलेल्या उपचारात वैद्य ती शिरेतून देतात, कारण शिरेतून दिलेला मेद आतड्याच्या लसीकेत उतरत नाही.

नळीची नोंद हा उपचाराचा दुसरा खांब. रोज ठरलेल्या वेळी नळीची पिशवी वा फुगा मोजपात्रात रिकामा करून चोवीस तासांचा आकडा लिहावा, रंग लिहावा, वजन लिहावे, आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवशी काय खाल्ले ते लिहावे. माझ्या पाहण्यात आलेली सर्वोत्तम नोंद एका शाळकरी मुलीने आपल्या वडिलांसाठी रेघा आखून वहीत ठेवली होती. आकडा उतरत उतरत आला होता, मध्येच एका दिवशी तो चढला आणि रंग पुन्हा पांढरा झाला, आणि तिने आहाराच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिले होते की आदल्या दिवशी गावाहून आलेल्या मामांनी पेढे दिले. त्या एका ओळीने पुढच्या कित्येक तपासण्या वाचल्या. नळी घरी कोणी बंद करू नये, ओढू नये, तिच्यात काही सोडू नये. स्राव अचानक थांबला आणि पोट फुगू लागले, ताप आला, द्रवाला दुर्गंधी आली, तो हिरवट किंवा लाल झाला, अथवा श्वास लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, मग ते संत तुकारामनगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो की शस्त्रक्रिया झाली ते असो. आणि जाताना ती वही बरोबर न्यावी.

आहाराने भागले नाही तर पुढचे उपाय आहेत, आणि ते रुग्णालयाचे आहेत. आतड्याला पूर्ण विश्रांती देऊन सर्व पोषण मोठ्या नीलेतून देता येते; ते महाग असते आणि नीलेत घातलेल्या नळीलाच संसर्ग होण्याचा धोका असतो, म्हणून ते गरजेपुरतेच. ऑक्ट्रिओटाइड नावाचे औषध, बहुधा शंभर मायक्रोग्रॅम दिवसातून तीन वेळा त्वचेखाली टोचून, लसीकेचा स्राव घटविण्यासाठी देतात. त्याचा आधार मोठ्या तौलनिक चाचण्यांपेक्षा लहान लहान अनुभवांच्या संग्रहावर आहे, तरी पुष्कळ शल्यवैद्य ते वापरतात आणि त्याचा उपयोग होतो असे सांगतात. त्यापुढचा उपाय मला विशेष आश्वासक वाटतो. खसखशीच्या तेलात आयोडीन मिळवून केलेला लिपिओडॉल नावाचा पदार्थ १९०१ सालापासून वैद्यकात आहे; जांघेतल्या लसीकाग्रंथीत अत्यंत बारीक सुईने तो सोडला की तो वाहिन्यांतून वर चढतो आणि क्ष-किरणांत गळतीची जागा दाखवितो, आणि कित्येकदा आपल्या चिकट व क्षोभक गुणाने ती जागा बुजवितोही, म्हणजे एकाच कृतीत निदान आणि उपचार दोन्ही साधतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत कॉन्स्टंटिन कोप यांनी पोटातूनच सुईने मुख्य वाहिनीत शिरून ती आतून बंद करण्याची रीत घालून दिली. आपल्याकडे असे तज्ज्ञ सध्या मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत आढळतात. पण ही सोय आहे, हे माहीत असले तर विचारता तरी येते.

दिवसाला एक लिटरच्या वर स्राव अनेक दिवस टिकून राहिला, आणि बाकीचे उपाय हरले, तरच पोट पुन्हा उघडावे. त्या वेळी शल्यवैद्य एक युक्ती करतात: शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाला पोषणनळीतून साय किंवा मेदयुक्त दूध देतात, म्हणजे फुटलेली वाहिनी पांढरी होऊन डोळ्यांना दिसते आणि नेमकी तीच बांधता येते. मिलानमध्ये योगायोगाने जे हाती लागले होते ते जवळजवळ चारशे वर्षांनी हेतुपूर्वक घडवून आणले जाते. शास्त्रातील जुन्या निरीक्षणांचा मला जो आदर वाटतो तो अशाच कारणांनी.

पैशांविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे, कारण या वस्तीत आजार लांबला की हजेरी बुडते आणि हजेरी बुडली की आहार तुटतो. कामगार राज्य विमा योजनेत, जिचा मूळ कायदा १९४८ सालचा, विमेदाराला आजारपणात वर्षाकाठी एक्क्याण्णव दिवसांपर्यंत वेतनाच्या शेकडा सत्तर इतका लाभ मिळतो. आणि कर्करोगासारख्या निवडक दीर्घ आजारांत, दोन वर्षांची नोकरी आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असल्यास, शेकडा ऐंशी दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित लाभ मिळू शकतो. कंत्राटी कामगारांनी आपली वर्गणी खरोखर भरली जाते की नाही याची चौकशी निरोगी असतानाच करावी. रोग जडल्यावर दफ्तर तपासण्यात अर्थ उरत नाही. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली, तिच्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर उद्भवणाऱ्या उपद्रवांपैकी कशाचा खर्च योजनेत बसतो, हे घरी सोडण्याच्या आधी त्याच्याकडून समजून घ्यावे. या कागदपत्रांना मी औषधाइतकेच महत्त्व देतो.

शेवटी नळी केव्हा काढावयाची, हा प्रश्न. स्राव कमी झाला आणि पाण्यासारखा झाला म्हणजे सर्वांना नळीचा कंटाळा आलेला असतो आणि ती ताबडतोब निघावी असे वाटते. पण मेदरहित आहारावर आलेले स्वच्छ पाणी पुरेसा पुरावा देत नाही. नळी जागेवर असतानाच नेहमीचा आहार हळूहळू सुरू करावा, वरणाला थोडी फोडणी, भातावर अर्धा चमचा तूप, आणि दोन-तीन दिवस आकडा व रंग पाहावा. तो चढला नाही तर नळी काढावी, आणि चढला तर पुन्हा थोडे मागे यावे. मग केमोथेरपीची तारीख ठरविण्यासाठी कर्करोगतज्ज्ञाकडे जावयाचे, वजन व प्रथिनांची तपासणी दाखवावयाची, आणि ज्यांचे संपूर्ण जठर काढले आहे त्यांनी ब-बारा जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आयुष्यभर नियमाने घ्यावयाचे, कारण ते अन्नातून शोषून घेण्यास लागणारे द्रव्य जठरातच तयार होत असे.